पाच आलं, म्हणजे चुंबक झालं का?

दरवर्षी एमएस्सीच्या प्रोजेक्टची तारीख अंगावर आली की रात्री साडेअकराला कुणाचा तरी फोन येतो. "सर, मॅग्नेटिझम आलं! टोटल मॅग्नेटायझेशन बरोबर ५.००!" आवाजात एवढा आनंद असतो की पुढचं विचारायला जिवावर येतं. तरी विचारतो, "दुसरा मँगनीज टाकून पाहिला का?" मग पलीकडून फक्त पंख्याची घरघर. तो फोन करण्याआधी वाचावा म्हणून हा लेख.

फोन करणारे आपल्याकडचेच, चोपडा, अमळनेर, शहादा, साक्री इथले. कॉलेजात ग्लोव्ह बॉक्स नाही, हेलियमवर चालणारं मॅग्नेटोमीटर तर नाहीच. पण लॅपटॉप असतो आणि पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं गणित करणारा क्वांटम एस्प्रेसो नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, म्हणून गाईड म्हणतात, "कॉम्प्युटेशनल घे." विषय चांगलाच आहे. हॅलाइड पेरोव्हस्काइट नावाच्या अर्धवाहकात मँगनीजसारखे अणू मिसळायचे आणि चुंबकत्व येतं का ते गणितानं तपासायचं. मात्र त्या एका शब्दात दोन प्रश्न दडलेले आहेत. मिसळलेल्या अणूला स्वतःचं चुंबकीय आघूर्ण, म्हणजे मोमेंट, आहे का, हा पहिला. हे अणू एकमेकांच्या सांगण्यावरून एका दिशेला उभे राहतात का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पहिल्याच रात्री मिळतं आणि ते बहुतेक वेळा पुस्तकातलंच असतं. प्रोजेक्ट खरा दुसऱ्यावर उभा राहतो.

पदार्थ निवडताना

पेरोव्हस्काइट हे मूळचं एका खनिजाचं, कॅल्शियम टायटेनेटचं नाव. १८३९ मध्ये गुस्टाव रोझ यांनी उरल पर्वतातल्या नमुन्यात ते ओळखलं आणि लेव्ह पेरोव्स्की यांच्यावरून त्याला नाव दिलं. त्याच रचनेत ऑक्सिजनच्या जागी फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन बसलं की हॅलाइड पेरोव्हस्काइट.

सुरुवात सिझियम लेड क्लोराइडपासून करा. डोळ्यांसमोर एक घन आणा. आठ कोपऱ्यांवर शिसं, प्रत्येक कडेच्या मध्यावर क्लोरीन, पोटात सिझियम. कोपरे आणि कडा शेजाऱ्यांत वाटल्या गेल्यामुळे एका घराच्या वाट्याला पाचच अणू येतात. घनाची बाजू सुमारे ५.६ अँगस्ट्रॉम. हा पदार्थ ४७ अंश सेल्सिअसच्या वर घनाकृती असतो, त्याखाली किंचित वाकतो. म्हणजे भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, ओसरीवर ठेवला तरी दोन अंश कमीच पडतात. पहिल्या प्रोजेक्टला घनाकृती रूप घ्या, पण ते तापमान अहवालात लिहा. परीक्षकानं विचारल्यावर आठवायला लागू नये.

मिसळायला मँगनीज घ्या. त्याची कारणं साधी. शिशाचा भार दोन, मँगनीजचाही दोन, त्यामुळे अदलाबदलीत भाराचा हिशेब बिघडत नाही. तीन भाराचं लोखंड किंवा क्रोमियम घातलं की तो जास्तीचा भार कुठे तरी फेडावा लागतो. कुठे तरी एक जागा रिकामी सोडा, नाही तर दुसरीकडे एक भाराचा अणू बसवा. नवख्यानं त्या भानगडीत पडू नये. शिवाय मँगनीज मिसळलेलं सिझियम लेड क्लोराइड प्रयोगशाळांत बनतं आणि अतिनील प्रकाशात ६०० नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी चमकतं. २०१६ पासून त्याच्या नॅनोकणांवर भरपूर काम झालंय, त्यामुळे आपली उत्तरं ताडून पाहायला काही तरी हाताशी असतं.

संगणक उघडण्याआधी वही

ही पायरी सगळे टाळतात आणि नंतर महिनाभर भोगतात.

आधी आकार पाहा. सहा शेजाऱ्यांत बसलेल्या शिशाची त्रिज्या १.१९ अँगस्ट्रॉम, उच्च-स्पिन मँगनीजची ०.८३. म्हणजे मोठ्या माणसाच्या चपलेत पोराचा पाय. आजूबाजूची सहा क्लोरीन मँगनीजकडे सरकणारच. घनात शिसं-क्लोरीन अंतर २.८ अँगस्ट्रॉम आहे, मँगनीजपाशी ते अडीचपेक्षा थोडं वर यायला हवं. रिलॅक्सेशननंतर, म्हणजे अणूंना मोकळं सोडून आपापली जागा शोधू दिल्यावर, ते २.८ वरच राहिलं असेल, तर तुमचे अणू हललेलेच नाहीत. इनपुटमध्ये 'रिलॅक्स'ऐवजी 'एससीएफ' (अणू न हलवता फक्त इलेक्ट्रॉनांचं गणित) राहिलंय का बघा.

मग इलेक्ट्रॉन मोजा. नेहमीच्या स्यूडोपोटेन्शियलमध्ये (अणूच्या आतले इलेक्ट्रॉन गोठवून बाहेरचेच मोजणारी फाईल) सिझियमचे ९, शिशाचे १४, क्लोरीनचे ७ इलेक्ट्रॉन धरलेले असतात. एका घरात ९ अधिक १४ अधिक २१, म्हणजे ४४. आठ घरांत ३५२. एक शिसं काढून १५ इलेक्ट्रॉनांचा मँगनीज बसवला की ३५३. संख्या विषम, म्हणून अर्धवाहकात मोमेंटही विषमच यायला हवा: १, ३ किंवा ५. प्रोग्रॅमनं ४ दिलं, तर तुम्हाला लगेच कळतं की काही तरी चुकलंय. (तुमच्या फाईलमधली संख्या वेगळी असू शकते, ती फाईल उघडून बघा.)

शेवटी हुंडचा नियम. दोन भाराच्या मँगनीजकडे डी कक्षेत पाच इलेक्ट्रॉन, पाच खोल्या, प्रत्येक जण आपली खोली धरून एकाच दिशेला (ही दिशा म्हणजे स्पिन). मोमेंट पाच बोर मॅग्नेटॉन (हे मोमेंटचं एकक). लोखंडाकडे सहा, म्हणून मोमेंट चार; कोबाल्टचा तीन, निकेलचा दोन. तुमच्या लॅपटॉपनं रात्रभर तापून काढलेलं ५.०० ते हेच. अकरावीच्या रसायनशास्त्रातलं.

वीज, उकाडा आणि लॅपटॉप

१६ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर पाच अणूंची गणितं मिनिटांत होतात. चाळीस अणूंचं स्पिनसकट रिलॅक्सेशन एका रात्रीत संपलं तर नशीब समजा. ऐंशी अणूंसाठी विद्यापीठाच्या किंवा एखाद्या संस्थेच्या क्लस्टरवर खातं मिळवा. गाईडच्या सहीचा अर्ज पहिल्याच महिन्यात द्या, परवानगीला वेळ लागतो.

आपल्याकडचा खरा शत्रू लोडशेडिंग. क्वांटम एस्प्रेसोमध्ये 'रीस्टार्ट'ची सोय आहे, पण प्रोग्रॅम नीट थांबला असेल तरच ती भरवशाची. वीज गेली आणि लॅपटॉप धाडकन बंद पडला, तर डिस्कवरची अर्धवट फाईल बहुधा कामाची राहत नाही. वीज रात्री दोनला जाते हे माहीत असेल, तर तोवर जेवढा वेळ उरलाय त्यापेक्षा थोडा कमी वेळ 'मॅक्स सेकंड्स'मध्ये सेकंदांत लिहा. प्रोग्रॅम स्वतः आवरून थांबतो, सकाळी तिथूनच पुढे चालू होतो. आणि रिलॅक्सेशन मध्येच तुटलं, तर आउटपुट फाईलमधून अणूंच्या शेवटच्या जागा उचला, नव्या इनपुटमध्ये टाका आणि पुढे चला. सुरुवातीपासून पुन्हा चालवणारे मी पाहिलेत. माझ्या पहिल्या वर्षी मीही त्यातलाच होतो.

उन्हाळ्यात दुपारी गणित लावू नका. तापलेला प्रोसेसर आपोआप मंदावतो आणि तुम्हाला वाटतं इनपुट चुकलंय.

आधी सरावाचं गणित

डोपिंगकडे, म्हणजे अणू मिसळण्याकडे, थेट उडी नको. पोटॅशियम मँगनीज फ्लोराइड घ्या. तोही हॅलाइड पेरोव्हस्काइटच, फक्त शिशाच्या सगळ्या जागांवर मँगनीज. बाजू ४.१९ अँगस्ट्रॉम, पाच अणू. हा पदार्थ अँटीफेरो आहे हे प्रयोगानं पक्कं ठाऊक आहे: ८८ केल्व्हिनच्या खाली शेजारशेजारचे मँगनीज एकमेकांच्या उलट उभे राहतात. म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेली उत्तरपत्रिका.

यावर चार गोष्टी शिका. कटऑफ (गणित किती बारीक करायचं ती ऊर्जेची मर्यादा) वाढवत न्या: ४०, ५०, ६०, ७० रिडबर्ग. कुठली संख्या स्थिरावते ते बघा, पण एकूण ऊर्जा नको, फेरो (सगळे एकाच दिशेला) आणि अँटीफेरोतला फरक बघा. एक रिडबर्ग म्हणजे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि आपल्याला हवा तो फरक काही मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टचा. ट्रकभर कापूस वजनकाट्यावर घालून ड्रायव्हरच्या खिशातल्या पाकिटाचं वजन काढण्यासारखं आहे हे. म्हणूनच दोन्ही वेळी ट्रक तोच हवा: तोच सेल (गणिताला घेतलेला तुकडा), तेच के-पॉइंट (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा जिथे मोजायची ते बिंदू), तोच कटऑफ, त्याच स्यूडोपोटेन्शियल फाईल. एका गणितात आठ के-पॉइंट आणि दुसऱ्यात सहा घेतले, तर आलेला फरक चुंबकत्वाचा आहे की के-पॉइंटचा, ते ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

अँटीफेरोसाठी घर दुप्पट करावं लागतं, नाही तर उलट उभा राहणारा शेजारी मिळणार कुठून? आणि इनपुटमध्ये मँगनीजला दोन नावं द्या, मँगनीज-एक आणि मँगनीज-दोन. फाईल तीच, फक्त सुरुवातीचं स्पिन उलट.

स्पिन चालू करणं

'एनस्पिन' दोन करा आणि 'स्टार्टिंग मॅग्नेटायझेशन' द्या. उणे एक ते एक यांमधली संख्या म्हणजे त्या अणूच्या संयुजा इलेक्ट्रॉनांतला वाटा. पंधरातले पाच, म्हणजे ०.३३, मी ०.५ देतो, सुरुवात जरा जोरात झालेली बरी. गणित स्वतः ते खाली आणतं.

आउटपुटमध्ये दोन ओळी बघा, टोटल आणि ॲबसोल्यूट मॅग्नेटायझेशन. अँटीफेरोत टोटल शून्य येतं आणि ॲबसोल्यूट दहाच्या आसपास, कारण दोन अणूंवर प्रत्येकी पाच. दोन्ही शून्य आले, तर अँटीफेरो मिळालेलं नाही, मँगनीजनं मोमेंटच टाकून दिलाय. हा फरक न बघता "अँटीफेरो स्थिर आहे" असं लिहिलेलं मी वाचलंय.

टोटल ४.८७ सारखं अर्धवट आलं, तर स्मिअरिंग (भरलेल्या-रिकाम्या पातळ्यांमधली कड किती पुसट धरायची तो आकडा) बहुधा जास्त आहे. ते कमी करून बघा. गणित स्थिरावतच नसेल, तर 'मिक्सिंग बीटा' (दर फेरीला नव्या उत्तराचा किती वाटा मिसळायचा) ०.७ वरून ०.३ करा. त्यावर पान खर्च करण्यासारखं काही नाही.

सुपरसेल, म्हणजे कपाशीतली तूर

शिंदखेड्याकडच्या एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटले होते, कापूस करणारे. पोरगं रात्ररात्र लॅपटॉपपुढे काय करतं ते त्यांना कळेना. म्हणाले, "सर, कम्प्युटरमा चुंबक कसा काय येस?" त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो.

आपण कपाशीत तूर लावतो. समजा सात ओळी कपाशीच्या, आठवी तुरीची. शेत कितीही लांब असो, आठ ओळींचा तुकडा कागदावर काढला की सगळं शेत कळलं, पुढे तेच. सुपरसेल तसाच. दोन बाय दोन बाय दोन घरं घेतली की आठ घरं, चाळीस अणू. त्यातल्या एका शिशाच्या जागी मँगनीज. प्रमाण १२.५ टक्के. तीन बाय तीन बाय तीन घेतलं की १३५ अणू आणि ३.७ टक्के. संगणकाला तो तुकडाच ठाऊक असतो, बाकी शेत तो स्वतः चारी बाजूंना पेरत जातो.

वडिलांना हे पटलं. त्यांच्या मुलाची मात्र इथेच गफलत झाली होती, आणि ती फार जणांची होते.

दुसरा मँगनीज टाकायची वेळ आली की सगळे त्याच चाळीस अणूंच्या सेलमध्ये पहिल्याच्या शेजारी तो बसवतात. आता बघा. सेल त्या दिशेला दोनच घरांचा. दोन्ही घरांत मँगनीज. पलीकडे पुन्हा तोच सेल, म्हणजे पुन्हा मँगनीज. जोडी बनवायला गेलात आणि आख्खी तुरीची ओळ पेरून बसलात, या बांधापासून त्या बांधापर्यंत. प्रत्येक मँगनीजला डावीकडेही शेजारी आणि उजवीकडेही. एका सेलमध्ये बंध एक नाही, दोन आहेत. ऊर्जेचा फरक एका बंधाचा समजून भागलात, तर देवाणघेवाणीचा स्थिरांक 'जे' (दोन शेजाऱ्यांची एकमेकांवरची पकड किती ते सांगणारा) दुप्पट येतो. तिरक्या जोडीत हेच बंध चार होतात आणि घनाच्या कर्णावरच्या जोडीत आठ.

उपाय दोन. बंध मोजून भागा. नाही तर सेल त्या दिशेला चार घरांचा करा: चार बाय दोन बाय दोन, ऐंशी अणू, दोन मँगनीज शेजारी. क्लस्टरचा अर्ज पहिल्याच महिन्यात द्यायला सांगितला तो यासाठी.

यू किती घ्यायचा?

साध्या पीबीई (इलेक्ट्रॉनांच्या आपसांतल्या परिणामाचं नेहमीचं अंदाजी सूत्र) गणितात डी कक्षेतले इलेक्ट्रॉन गरजेपेक्षा जास्त पसरतात. त्यांना जागेवर धरायला हबर्डचा यू घालतात. मँगनीजसाठी चार-पाच इलेक्ट्रॉनव्होल्ट घेतलेले बऱ्याच ठिकाणी दिसतील. "अमक्या पेपरात पाच घेतला म्हणून" हे उत्तर तोंडी परीक्षेत चालत नाही. क्वांटम एस्प्रेसोसोबत येणारा 'एचपी' नावाचा प्रोग्रॅम तुमच्याच पदार्थासाठी यू काढून देतो. तेवढा वेळ नसेल, तर ०, ३ आणि ५ असे तीन यू घेऊन सगळं पुन्हा चालवा. यू वाढला की इलेक्ट्रॉनला शेजारी उडी मारणं महाग पडतं, म्हणून 'जे' लहान होत जातो. आकडा बदलणारच. चिन्ह तेच राहतं का, ते बघा. राहिलं तर तुमचं म्हणणं यूवर टेकलेलं नाही.

जुन्या लेखांतलं इनपुट जसंच्या तसं उतरवू नका: ७.१ आवृत्तीपासून यू लिहायची पद्धत बदललीय, 'हबर्ड' नावाचं वेगळं कार्ड द्यावं लागतं.

लोखंड किंवा क्रोमियम घेतलेल्यांसाठी एक सूचना. यूशिवाय गणित केलं की अर्धवट भरलेल्या डी पट्ट्यामुळे पदार्थ एका स्पिनसाठी धातू दिसतो आणि पोरं "हाफ मेटल मिळाला" म्हणून नाचतात. यू घालून, समरूपता मोडून, अणूंना मोकळं सोडून पुन्हा बघा. बऱ्याचदा तिथे गॅप (भरलेल्या आणि रिकाम्या पट्ट्यांतलं ऊर्जेचं अंतर) उघडतो आणि हाफ मेटल उडून जातो.

उलट उभे राहिले तर

आता तो दुसरा प्रश्न. शेजारच्या दोन मँगनीजमध्ये एक क्लोरीन, सरळ रेषेत, १८० अंशांत. अर्धी भरलेली डी कक्षा दोन्हीकडे. गुडइनफ आणि कानामोरी यांचे नियम इथे स्पष्ट सांगतात: अँटीफेरो. कारणही समजायला सोपं आहे. क्लोरीनमार्गे पलीकडे डोकावायचं, तर पलीकडच्या खोल्यांत आपल्या दिशेच्या इलेक्ट्रॉनला जागाच नाही, प्रत्येक खोलीत त्याच दिशेचा कुणी तरी आधीच बसलाय. शेजारी उलटा असेल, तरच जागा मिळते. पोटॅशियम मँगनीज फ्लोराइड अँटीफेरो होतो तो यामुळेच.

म्हणजे शुद्ध, जास्तीचा भार नसलेल्या पदार्थात तुमचं उत्तर अँटीफेरो यायला हवं. ते तसं आलं की पोरं घाबरतात, "सर, रिझल्ट निगेटिव्ह आला." निगेटिव्ह काही नाही, नियमाप्रमाणे आला. उलट शेजारच्या जोडीत फेरो आलं, तर मी आधी सेल, मग अणूंच्या जागा, मग के-पॉइंट तपासायला सांगतो.

'जे' लिहिताना कुठलं सूत्र वापरलं तेही लिहा. कुणी प्रत्येक जोडी एकदा मोजतं, कुणी दोनदा. कुणी स्पिन पाच-छेद-दोन धरतं, कुणी एक. तेवढ्यानं 'जे' दुपटीनं किंवा सव्वासहापटीनं बदलतो आणि दोन पेपर विनाकारण भांडतात.

तापमानाचा मोह

कुठल्या तरी जोडीत फेरो स्थिर निघालं, की लगेच क्युरी तापमान (ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसं होतं) काढायची घाई होते. सरासरी-क्षेत्राचं सूत्र सोपं आहे: दर मँगनीजमागे असलेल्या ऊर्जेच्या फरकाचे दोन-तृतीयांश घ्या आणि बोल्ट्झमन स्थिरांकानं भागा. १० मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल, तर ७७ केल्व्हिन. ४० असेल, तर ३०९ केल्व्हिन आणि लगेच शीर्षकात "खोलीच्या तापमानाला लोहचुंबक".

थांबा. तुमच्या सेलमध्ये मँगनीज रांगेत पेरलेले आहेत, खऱ्या स्फटिकात ते मुठीनं फेकल्यासारखे कुठेही पडतात. साध्या घनजाळीत ३१ टक्क्यांच्या आसपास जागा भरल्याशिवाय शेजाऱ्याशेजाऱ्याची साखळी या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडलीच जात नाही. तुमचं प्रमाण १२ टक्के. शेजारापलीकडे न पोहोचणाऱ्या बंधानं आख्खा स्फटिक कसा जागा होणार? सरासरी-क्षेत्राला हे दिसत नाही, म्हणून ते तापमान फुगवून सांगतं. दूरच्या जोड्यांचे 'जे'ही काढा आणि मग माँटे कार्लो (फासे टाकल्यासारखे स्पिन उलटवत तापमान शोधण्याची पद्धत) करा. वेळ नसेल, तर तापमान काढूच नका.

या मोहाचा इतिहासही आहे. २००० साली डीटल आणि सहकाऱ्यांनी भाकीत केलं की मँगनीज मिसळलेलं गॅलियम नायट्राइड आणि झिंक ऑक्साइड, त्यात पुरेसे होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) असतील तर, खोलीच्या तापमानाच्या वर लोहचुंबक होऊ शकतात. त्यानंतर असे चुंबक सापडल्याच्या बातम्या पुष्कळ आल्या. त्यातले बरेच संकेत नंतर अशुद्धीचे किंवा वेगळ्या जमलेल्या कणांचे निघाले. स्टीलच्या चिमट्यानं नमुना उचलला तरी मोजता येईल एवढं लोखंड त्याला लागतं.

गॅप, थोडक्यात

शिसं जड आहे, म्हणून स्पिन-ऑर्बिट परिणाम (इलेक्ट्रॉनचं स्पिन आणि त्याचं फिरणं यांची सांगड) मोठा. तो न घेता पीबीईनं मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडचा गॅप काढला, तर सुमारे १.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट येतो, प्रयोगातही तेवढाच. ही दोन चुकांनी एकमेकींना झाकल्याची गंमत आहे. स्पिन-ऑर्बिट घातला की गॅप जवळजवळ एक इलेक्ट्रॉनव्होल्टनं कोसळतो. मँगनीजच्या मोमेंटला यानं फारसा धक्का लागत नाही, पण गॅपचा आकडा छापणार असाल, तर गणितात काय घेतलं आणि काय सोडलं ते त्याच ओळीत लिहा.

अहवाल

तक्त्यात एकूण ऊर्जा पूर्ण आकड्यांसह द्या, नुसता फरक नको. सेल, के-पॉइंट, कटऑफ, यू, स्यूडोपोटेन्शियल फाईलचं नाव, प्रोग्रॅमची आवृत्ती. सेलमधले बंध किती मोजले तेही. इनपुट फाईल परिशिष्टात जोडा. पुढच्या वर्षी कुणी तरी ज्युनियर तीच चालवून बघणार आहे, आणि त्याच्याही गावात रात्री दोनला वीज जाते.